पेटी, ऑर्गन की कीबोर्ड? आवाज निवडायची गोष्ट



गणपती, देवीचे दिवस जवळ आले की अमरावती-अकोल्याच्या मंडळांत एक वाद ठरलेला. यंदा वर्गणीतून कीबोर्ड घ्यायचा, पण कोणता? दुकानदार डेमोचं बटण दाबतो, ढोल-गिटार सगळं एकदम वाजतं, पोरं खूश. पण हा आवाज आपल्या गाणाऱ्याच्या गळ्याखाली बसेल का, हे कोण ऐकतं? आपल्या नाटकवाल्यांनी हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी कानानं सोडवला होता. आज त्याचीच गोष्ट.

हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये निघालं. त्या वाद्याचा भाता पायानं मारायचा. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातानं भाता मारायची, मांडी घालून वाजवायची पेटी बनवली. ती उचलून कुठंही नेता यायची, म्हणून गावोगावच्या भजनात शिरली. मराठी रंगभूमीवरही पेटी जोरात होती. १९११ च्या 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नावाजलेले पेटीवादक.

मग बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन का आला? त्यांच्याकडे सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर थिरकवाँ आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. पेटीत भात्याची हवा पट्ट्यांतून बाहेर ढकलली जाते. त्या काळच्या पायऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते. म्हणून पेटीचा सूर धारदार, ऑर्गनचा गोल आणि मऊ. शिवाय भाता पायाकडे, म्हणजे दोन्ही हात मोकळे. माईक नसलेल्या थिएटरात गळ्याला आधार मिळायचा, आणि गळा झाकलाही जायचा नाही.

या नाटकांशी आपलंही नातं आहे बरं का. दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत मंडळीनं गाजवलेलं 'रणदुंदुभी' लिहिलं ते अमरावतीच्या वीर वामनराव जोशींनी.

आता गंमत पाहा. नाटकात आणि देवळात पेटी गाजत होती, पण रेडिओनं तिला दार बंद केलं! १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी. आक्षेप दोन. एक, पेटीवर मींड येत नाही. सूर एकदम उडी मारतो, घसरत जात नाही. दुसरा, तिचे सूर पाश्चात्त्य पद्धतीनं सारख्या अंतरावर बसवलेले. त्यात शुद्ध गंधार आपल्या तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा जरासा चढा लागतो, साधारण १४ सेंट. (एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट.) १९४८ साली नागपूर केंद्र सुरू झालं तेव्हाही ही बंदी होतीच. ती सैल झाली १९७१ मध्ये.

मग आला इलेक्ट्रॉनिक जमाना. १९८३ ची यामाहा डीएक्स-७ गणितानं सूर तयार करायची. पुढच्या कीबोर्डांत खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज आले, म्हणजे पेटी आणि ऑर्गन दोन्ही एकाच डब्यात.

आणि खरी गोष्ट इथंच आहे. रेडिओच्या दोन्ही आक्षेपांचं उत्तर आज बऱ्याच कीबोर्डांत मिळतं. डावीकडचं पिच बेंडचं चाक फिरवलं की सूर घसरतो. स्केल ट्यूनिंगमध्ये गेलं की गंधार खाली आणता येतो. सोय हातात आहे, पण तो मेनू उघडतो कोण? आपण मोजतो टोन किती, ऱ्हिदम किती!

म्हणून दुकानात जाल तेव्हा गाणाऱ्याला सोबत न्या. डेमो बंद करा. पेटीचा टोन लावून एक सूर दाबून धरा आणि त्याला त्यावर सा लावू द्या. गळा वर तरंगला, तर आवाज बरोबर. त्याला ओरडावं लागलं, तर कीबोर्ड कितीही महाग असो, तो तुमचा नाही. मग गंधार लावून पाहा, आणि शेवटी चाक फिरवून पाहा.

मंडळाचे पैसे एकदाच खर्च होतात राजेहो, गाणाऱ्याचा गळा मात्र दरवर्षी लागतो. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!