तीनशे साठ, सातशे, सोळाशे

नीव्ह १०७३ या इक्वलायझरच्या मधल्या बटणावर सहा आकडे आहेत: ३६०, ७००, १६००, ३२००, ४८०० आणि ७२०० हर्ट्झ. अधलंमधलं काही मिळत नाही. ९०० हवं असेल तर ७०० घ्या नाहीतर १६००. खर्जासाठी ३५, ६०, ११० आणि २२०. वरची पट्टी तर १२,००० वरच कायमची बांधलेली. पुण्यात अभंग, भावगीतं, नाट्यपदं मिक्स करणं हे माझं काम. संगणकावर हवी ती फ्रिक्वेन्सी दशांशापर्यंत निवडता येते, तरी मी रोज या जुन्या यंत्राची प्रतिकृती असलेलं प्लगइन उघडते. पखवाजाच्या कणकेच्या बाजूला ६० वर थोडा उठाव दिला की ती भरून येते, आणि टाळांच्या गजरात शब्द बुडायला लागले की गायकाच्या चॅनेलवर ३२०० कामी येतं. हे आकडे माझ्या आधी कोणीतरी कानांनी आणि सोल्डरिंगच्या हातांनी ठरवले आहेत. त्यांची हकिगत प्लगइन वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी.

रूपर्ट नीव्ह १९२६ साली इंग्लंडमधल्या न्यूटन ॲबटला जन्मले. बालपण अर्जेंटिनात गेलं, आणि शाळकरी वयातच ते रेडिओ बांधू लागले. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी ध्वनियंत्रांचा उद्योग उभारला, तेव्हा स्टुडिओतल्या कन्सोलवर स्वर घडवायची सोय फारच थोडी असे. लंडनच्या ॲबी रोडवर ईएमआय कंपनीने स्वतः बनवलेले व्हॉल्व्हचे रेड कन्सोल होते. त्यांत इक्वलायझरच्या पेट्या बदलता येत. एक 'पॉप', दुसरी 'क्लासिक'. पॉपची पेटी ५००० हर्ट्झच्या आसपास उठाव द्यायची, क्लासिकची वरचा सगळा भाग हलकेच उचलायची. बाकी काम माइक कुठे ठेवायचा यावर. मला ती शिस्त आवडते. आजही वाद्य नीट वाजत नसेल तर मी आधी उठून माइक हलवते.

१९६४ मध्ये नीव्ह यांनी लंडनच्या फिलिप्स रेकॉर्ड्ससाठी ट्रान्झिस्टरचे इक्वलायझर बनवले. आधीच मुद्रित झालेल्या संगीताचा तोल या इक्वलायझरांनी नंतर बदलता येई. वादक घरी गेले आहेत, टेप हातात आहे आणि अजून काही सुधारता येतंय! आज मी जे करते त्याचं मूळ मला इथे दिसतं.

१०७३ आलं १९७० साली. लंडनमधल्या वेसेक्स स्टुडिओसाठी नीव्ह यांच्या कंपनीने ए८८ नावाचा कन्सोल बांधला, त्यातलं हे मॉड्यूल. रुंदी अवघी ४५ मिलिमीटर. एवढ्या जागेत माइकचा प्रीॲम्प, तीन पट्ट्यांचा इक्वलायझर आणि खालची घरघर कापणारा फिल्टर. मधल्या पट्टीत तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजे इंडक्टर, आणि कपॅसिटर यांची जोडी असते. ती जोडी ज्या फ्रिक्वेन्सीला अनुनाद देते, तिच्याभोवतीचा प्रदेश उचलला किंवा दाबला जातो. बटण फिरवलं की आतली जुळणी बदलते. प्रत्येक आकड्यासाठी भाग लागतात, भागांना जागा लागते. म्हणून सहाच आकडे, आणि ते इतके विचारपूर्वक निवडलेले की माणसाचा आवाज त्यांच्यात कुठे ना कुठे सापडतोच.

संगणकावर हे सगळं यायला वेळ लागला. पहिलं इक्वलायझर प्लगइन, वेव्हज कंपनीचं क्यू१०, १९९२ चं. त्यात वळणाचा आलेख होता, दहा पट्ट्या होत्या, पण कुठल्याही जुन्या यंत्राची नक्कल नव्हती. कन्सोलच्या प्रतिकृतींची लाट नंतर, नव्या शतकात आली. २००६ मध्ये वेव्हजने एसएसएल ४००० कन्सोलचा संच काढला. संस्थापक बिल पुटनम यांच्या मुलांनी पुन्हा उभी केलेली युनिव्हर्सल ऑडिओ ही कंपनी याच वाटेने मोठी झाली. या कामाला चिकाटी लागते. नुसता आलेख जुळवून भागत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात मोठा आवाज गेला की तो कसा दाटतो, तेही गणितात बसवावं लागतं. शिवाय ४४,१०० च्या सॅम्पल रेटवर २२,०५० हर्ट्झच्या पलीकडे काही उरतच नाही, आणि त्या भिंतीजवळ इक्वलायझरचं वळण दबून जातं. म्हणून चांगली प्लगइन आतल्या आत सॅम्पल रेट वाढवून हिशेब करतात.

या भिंतीवरून नीव्ह स्वतः सांगत तो प्रसंग आठवतो. संगीतनिर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओतल्या नीव्ह कन्सोलमधले तीन चॅनेल ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांना खटकत होते. बाकी कोणाला काही कळेना. तपासलं तेव्हा त्या चॅनेलांच्या ट्रान्सफॉर्मरची जोडणी चुकलेली निघाली, आणि ५४,००० हर्ट्झला ३ डेसिबलचा उठाव सापडला. माणसाचा कान फार तर २०,००० पर्यंत ऐकतो. नीव्ह यांनी एमरिक यांच्यावर विश्वास ठेवला आणि त्यानंतर ऐकण्याच्या मर्यादेपलीकडचंही जपत राहिले. माझ्या फाइलमध्ये ५४,००० ला जागाच नाही. तेवढा भाग प्रतिकृतीत येणार नाही, हे मान्य करूनच ती वापरावी.

काही प्लगइनमध्ये जुन्या यंत्राची खरखर आणि विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुणही चालू करता येते. मी ती बंद ठेवते. ज्या गोष्टी कमी करण्यासाठी त्या माणसांनी उमेदीची वर्षं घालवली, त्या मुद्दाम मिसळणं मला पटत नाही.

नीव्ह १२ फेब्रुवारी २०२१ रोजी टेक्सासमधल्या विम्बर्लीला वारले. १०७३ आजही इंग्लंडमध्ये बर्नलीला तयार होतं. तुम्ही नव्याने मिक्सिंग शिकत असाल, तर एक अख्खं गाणं आलेखाचा पडदा न उघडता, फक्त या थोड्या आकड्यांवर करून पाहा.