गालिना तिमचेन्को : परदेशातून रशियासाठी बातम्या देणाऱ्या संपादक

गालिना तिमचेन्को या रशियन पत्रकार आणि ‘मेदुझा’ या वृत्तसंकेतस्थळाच्या संस्थापक. त्यांचा जन्म १९६२ साली मॉस्कोत झाला. २०१४पासून त्या आपले काम रशियाबाहेरून, लॅटव्हिया या शेजारी देशाची राजधानी रिगा येथून चालवतात. त्यांना देशाबाहेर घालवण्याचा हुकूम तेव्हा कोणी काढला नव्हता. त्यांची फक्त नोकरी गेली होती, आणि त्यासाठी एका बातमीतली एक लिंक पुरेशी ठरली.

तिमचेन्को यांची ओळख वार्ताहर म्हणून नाही, संपादक म्हणून आहे. ‘कोमरसांत’ या दैनिकात काही काळ काम केल्यावर १९९९ साली त्या ‘लेन्ता डॉट रू’मध्ये आल्या. हे संकेतस्थळ त्याच वर्षी सुरू झाले होते. रशियात तेव्हा इंटरनेट ही मूठभरांची गोष्ट होती, त्यामुळे सरकारचे लक्ष दूरचित्रवाणीवर होते. पुतिन सत्तेत आल्यानंतर मोठ्या वाहिन्या एकेक करून क्रेमलिनच्या कह्यात गेल्या, संकेतस्थळे मात्र बरीचशी मोकळी राहिली. २००४ साली तिमचेन्को लेन्ताच्या मुख्य संपादक झाल्या आणि पुढच्या दहा वर्षांत लेन्ता हे रशियातले सर्वाधिक वाचले जाणारे वृत्तसंकेतस्थळ म्हणून ओळखले जाऊ लागले.

मार्च २०१४मध्ये हे थांबले. युक्रेनमध्ये सत्तापालट झाला होता आणि रशियन सैन्य क्रायमियात उतरले होते. लेन्ताने ‘राइट सेक्टर’ या युक्रेनी राष्ट्रवादी संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याची मुलाखत छापली. त्या मुलाखतीत संघटनेचे नेते दिमित्रो यारोश यांच्या मजकुराकडे नेणारी एक लिंक होती. माध्यमांवर नजर ठेवणाऱ्या ‘रोस्कोमनाद्झोर’ या सरकारी संस्थेने तिच्यावर बोट ठेवून अतिरेकी साहित्याबद्दल ताकीद दिली. त्याच दिवशी, १२ मार्चला, लेन्ताचे मालक आणि उद्योगपती अलेक्सांद्र मामुत यांनी तिमचेन्को यांना पदावरून काढले. क्रायमियातले सार्वमत चार दिवसांवर आले होते. नव्या संपादकाची नेमणूकही लगेच झाली.

यानंतर जे घडले ते मालकाला बहुधा अपेक्षित नसावे. लेन्तामधल्या पत्रकारांनी वाचकांना उघड पत्र लिहिले. आमची नोकरी जाणे ही मोठी गोष्ट नाही, तुमच्याकडे वाचायला काही उरणार नाही ही खरी अडचण आहे, असा त्याचा आशय होता. मग त्यातल्या बहुतेकांनी राजीनामे दिले.

त्यांच्यापैकी सुमारे वीस जणांना घेऊन तिमचेन्को रिगाला गेल्या. रिगाची निवड व्यवहारी होती. मॉस्कोहून विमानाने दीड-दोन तासांचे अंतर, रशियन बोलणारी मोठी लोकवस्ती, मॉस्कोपेक्षा कमी खर्च आणि युरोपीय संघाचे कायदे. मुख्य म्हणजे कंपनी रशियात नोंदलेली नसल्याने मालकावर दबाव आणून संपादक बदलता येणार नव्हता. ऑक्टोबर २०१४मध्ये मेदुझा सुरू झाले. या शब्दाचा रशियन भाषेत दुसरा अर्थ जेलीफिश असाही होतो.

मेदुझाचे बरेच वार्ताहर रशियातच राहून काम करत होते. त्याची किंमत काय असू शकते ते जून २०१९मध्ये दिसले. मॉस्कोतला भ्रष्टाचार खणून काढणारे मेदुझाचे पत्रकार इवान गोलुनोव यांना अमली पदार्थ बाळगल्याच्या आरोपावरून अटक झाली. पोलिसांनी त्यांच्या घरातल्या ‘प्रयोगशाळे’ची म्हणून छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यातली बहुतेक त्यांच्या घरातली नव्हतीच, हे पोलिसांनाच कबूल करावे लागले. ‘वेदोमोस्ती’, ‘कोमरसांत’ आणि ‘आरबीके’ ही तीन प्रतिस्पर्धी दैनिके ‘मी/आम्ही इवान गोलुनोव’ अशा एकसारख्या पहिल्या पानासह निघाली आणि पाचव्या दिवशी खटला मागे घेतला गेला. दोन वर्षांनी, हा बनाव रचल्याबद्दल पाच माजी पोलिसांना ५ ते १२ वर्षांच्या शिक्षा झाल्या. रशियात असे फार क्वचित घडते.

पुढचा घाव पैशावर बसला. २३ एप्रिल २०२१ रोजी सरकारने मेदुझाला ‘विदेशी एजंट’ ठरवले. २०१२ साली स्वयंसेवी संस्थांसाठी आलेला हा कायदा २०१७मध्ये माध्यमांनाही लावण्यात आला होता. तो काम बंद करायला सांगत नाही. प्रत्येक बातमीवर, अगदी समाजमाध्यमांवरच्या जाहिरातवजा ओळीवरही, हा मजकूर विदेशी एजंटाचा आहे अशी सूचना मोठ्या अक्षरांत छापायला लावतो. सोव्हिएत काळात ‘एजंट’ म्हणजे हेर, हे रशियन वाचकाला सांगावे लागत नाही. जाहिरातदार काही दिवसांतच पांगले. मेदुझा तोवर जाहिरातींवर चालत होते. आता पगार कापावे लागले, कार्यालये सोडावी लागली आणि वाचकांपुढे हात पसरावा लागला. वाचकांनी छोट्या छोट्या रकमा पाठवून संकेतस्थळ तगवले.

फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि तोही मार्ग बंद झाला. मार्चच्या सुरुवातीला मेदुझाचे संकेतस्थळ रशियात अडवले गेले. सैन्याबद्दल ‘खोटी’ माहिती देण्यासाठी १५ वर्षांपर्यंत कैद ठरवणारा कायदा आला, तेव्हा उरलेल्या वार्ताहरांनाही घाईने देश सोडावा लागला. त्यातच पाश्चात्त्य निर्बंधांमुळे रशियन बँकांची कार्डे परदेशात चालेनाशी झाली आणि रशियातल्या देणगीदारांचे पैसे पोहोचणे थांबले. क्रेमलिनला रोखण्यासाठी घातलेल्या निर्बंधांचा हा फटका त्याच्या टीकाकारांनाही बसला. मेदुझाने मग जगभरातल्या वाचकांकडे मदत मागितली आणि रशियातल्या वाचकांसाठी ॲप, टेलिग्राम, ईमेल, पीडीएफ असे आडमार्ग काढले.

जानेवारी २०२३मध्ये मेदुझा ‘अनिष्ट संघटना’ ठरले. विदेशी एजंटाला निदान रशियात वाचता येते. अनिष्ट संघटनेला देणगी देणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे आणि तिची लिंक पुढे पाठवणाऱ्या सामान्य माणसालाही दंड होऊ शकतो.

यानंतर दोनच आठवड्यांनी तिमचेन्को बर्लिनमध्ये होत्या. रशियाबाहेर पडलेल्या माध्यमांच्या प्रतिनिधींची तिथे बैठक होती. त्याच सुमारास त्यांच्या आयफोनमध्ये ‘पेगासस’ हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर शिरले. हे नाव भारतीय वाचकांना २०२१पासून चांगलेच परिचयाचे आहे. त्यांना याचा पत्ता लागला तो जूनमध्ये ॲपलकडून इशारा आल्यावर. ‘सिटिझन लॅब’ आणि ‘ॲक्सेस नाऊ’ या संस्थांनी फोन तपासून सप्टेंबरमध्ये निष्कर्ष जाहीर केले. रशियन पत्रकाराच्या फोनमध्ये पेगासस सापडल्याची ही पहिली सिद्ध झालेली घटना होती.

संशय मॉस्कोवर जाणे साहजिक आहे. पण पेगासस बनवणारी ‘एनएसओ’ ही इस्रायली कंपनी ते फक्त सरकारांना विकते आणि रशिया तिचा ग्राहक असल्याचा पुरावा नाही. त्यामुळे तपास करणाऱ्यांना इतर देशांची शक्यताही मोजावी लागली. त्यात युरोपीय संघातले देशही होते, म्हणजे ज्यांच्या आश्रयाला रशियन पत्रकार गेले होते तेच. फोनवर पाळत कोणत्या सरकारने ठेवली, हे सिद्ध झालेले नाही.