रिद्धपूर : पोथीतले गाव आणि ओट्याखालचे गाव

जॉर्डनमधील मादबा या गावी एका चर्चच्या जमिनीवर रंगीत दगडी तुकडे जडवून केलेला नकाशा आहे. सहाव्या शतकातला, पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातला. ख्रिस्ती पुण्यक्षेत्रे त्यात ग्रीक नावांसह दाखवली आहेत. जेरुसलेमच्या मधोमध खांबांच्या ओळींचा हमरस्ता दिसतो. १९७०च्या दशकात नहमान अविगाद यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा त्या रस्त्याचा काही भाग खरोखरच हाती लागला.

वऱ्हाडात असे काय आहे, असा प्रश्न आला की आम्हांस अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर आठवते. येथला नकाशा जमिनीवर नाही, पोथीत आहे.

चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू या गावी राहिले. चक्रधरांच्या पश्चात नागदेवाचार्यादी मंडळी त्यांच्या सेवेस येथेच आली, आणि म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' येथेच आकारास आले. पुढे चौदाव्या शतकात या लीळांच्या जागांची नोंद 'स्थानपोथी'त झाली. ती मुनिव्यासांची मानली जाते, डॉ. वि. भि. कोलते यांनी ती संपादिली. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या दक्षिणेस काय, उत्तरेस काय, देव कोठे बसले, कोठे निजले, हे सारे तीत टिपले आहे. परिश्रयाची, म्हणजे शौचाची, जागासुद्धा सुटलेली नाही! वाङ्मयाच्या इतिहासात या ग्रंथाची एका ओळीत बोळवण होते, कारण त्यात 'साहित्य' फारसे नाही. आमच्या मते हा कोरडेपणा हेच त्याचे मोल आहे. लीळेत भाव आहे. स्थानपोथीत मोजमापाची वृत्ती आहे, आणि ती जुन्या मराठी गद्यात विरळा.

रिद्धपूर त्याहूनही जुने. चंद्रगुप्त दुसरा याची कन्या, वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा पाचव्या शतकातला ताम्रपट येथे मिळाला आहे. म्हणजे गोविंदप्रभू ज्या देवळांतून हिंडत, त्या गावाला तेव्हाच काही शतकांचे वय होते.

महानुभाव मूर्ती पूजीत नाहीत. स्थानावर ओटा बांधून त्याला वंदन करतात. ओट्यामुळे जागा टिकली, पण तिच्याखालचे दगड झाकले गेले. भक्ताच्या दृष्टीने ओटा नवा करणे ही सेवाच, त्यात दोष कसला? मादबा येथेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या चर्चच्या जागी नवे उभारण्याच्या कामातच तो नकाशा उजेडात आला. आज त्याचा काही भागच उरला आहे.

रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आले आहे. तेथल्या एखाद्या विद्यार्थ्याने कोलत्यांची प्रत, होकायंत्र आणि मोजपट्टी घेऊन राजमठापासून आरंभ करावा. ओट्यांवर नवी फरशी बसण्याच्या आत.