राजापूर मतदारसंघ : घटनेच्या वादातली वाटचाल

देशाला लेखी राज्यघटना हवी का, हा प्रश्न आपल्याकडे 26 नोव्हेंबर 1949 रोजी मिटला. ती बदलायची कुणी आणि कुठवर, हा वाद मात्र पुढे कित्येक वर्षे पेटता राहिला. त्या वादात मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीच्या मतदारांनी दिल्लीला धाडलेल्या दोन खासदारांचा वाटा मोठा आहे.

1957, 1962 आणि 1967 अशा तिन्ही वेळा राजापूरमधून वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै निवडून आले. 27 फेब्रुवारी 1967 रोजी गोलकनाथ खटल्याचा निकाल सहा विरुद्ध पाच मतांनी लागला : मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. नाथ पैंनी एप्रिलमध्येच खासगी विधेयक मांडले. घटनेतली कुठलीही तरतूद बदलण्याचा अधिकार संसदेला असावा, ही त्यांची मागणी. ज्या इंग्लंडात ते बॅरिस्टर झाले, तिथे एकसंध लेखी घटना नाहीच, पार्लमेंट करील तो कायदा. पण नाथ पैंचा भर होता लोकांच्या सार्वभौमत्वावर. एका पिढीने लिहिलेल्या शब्दांत पुढच्या पिढ्यांना कायमचे जखडून कसे ठेवायचे? मला हा प्रश्न आजही रास्त वाटतो. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, मंजूर मात्र झाले नाही. 18 जानेवारी 1971 रोजी नाथ पै गेले आणि त्याच वर्षी 24व्या घटनादुरुस्तीने त्यांचे म्हणणे घटनेत उतरवले. 1973च्या केशवानंद निकालाने ती दुरुस्ती मान्य केली, पण घटनेची मूलभूत चौकट मोडायची नाही, ही अट घालून.

ती अट किती मोलाची, हे राजापूरच्या पुढच्या खासदाराने सोसून पाहिले. पक्षांतरबंदी विधेयकाच्या समितीच्या कामासाठी बंगळूरला गेलेल्या मधू दंडवतेंना आणीबाणी लागताच, जून 1975 मध्ये, तिथेच अटक झाली. पुढे त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात होत्या. 1976च्या 42व्या दुरुस्तीने तर घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हान देण्याची वाटच बंद केली. नाथ पैंनी मागितलेला अधिकार असा वापरला जाईल, हे 1967 मध्ये कुणाच्या मनात आले असेल?

1977 मध्ये दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांच्या सरकारच्या काळात, 1978 मध्ये, 44वी दुरुस्ती संमत झाली. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, हे तिने घटनेत लिहून ठेवले. बंद केलेली ती वाट 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उघडली.

1991 मध्ये दंडवते हरले. 2008च्या पुनर्रचनेत राजापूर मतदारसंघच गेला. नाथ पैंच्या विधेयकावरची चर्चा आमच्या सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांत राज्यशास्त्राच्या मुलांपुढे ठेवली पाहिजे, तीही केशवानंद निकालाच्या जोडीने.