आत्याची सही

आज लढाई नाही, किल्ला नाही. आज एका साध्या कागदाची गोष्ट आहे. हक्कसोडपत्र. नवी मुंबईतल्या जुन्या गावांत हा शब्द माहीत नाही असं घर सापडणं कठीण.

मी ऐरोलीत बसून कोड लिहितो, पण आम्ही मूळचे पनवेलकडचे आगरी. आजोबांची भातशेती होती. आत्याचं लग्न १९७६ चं. तेव्हाचा हिशोब न बोलता ठरलेला असायचा: जमीन भावांची, माहेर बहिणीचं. कापणी झाली की तांदळाचं पोतं आणि सुकी मासळी तिच्या घरी पोचायची. बाळंतपण माहेरी, अडचण आली तर पहिला निरोप माहेरी. शेत विकायचंच नव्हतं, त्यामुळे हिस्सा कोण मोजणार?

मग शहर आलं. सिडको स्थापन झाली १७ मार्च १९७० ला, आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. मोबदला तुटपुंजा होता. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात विकसित प्लॉट.

हा लढा आपल्याला माहीत असतो. त्यानंतर घराघरांत काय झालं, ते मात्र कुणी सांगत नाही.

आजोबा १९९२ ला गेले. प्लॉटसाठी सगळे वारस लागले, आणि वारसांत आत्या होतीच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या मागे मुलीला मुलाबरोबर वारस केलं होतं. फक्त वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मापासून मिळणारा हक्क तिला नव्हता. तो महाराष्ट्राने १९९४ ला दिला, देशाच्या अकरा वर्षं आधी! पण अट अशी की २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली बाहेर. ती अट २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत गेली. वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं.

आत्याला यातलं काही कुणी सांगितलं नाही. बाबा आणि काका तिला रिक्षात घालून रजिस्ट्रार ऑफिसला घेऊन गेले. "मना काय नको," म्हणाली आणि सही केली. प्लॉट बिल्डरकडे गेला, आम्हाला फ्लॅट मिळाले, तिला एक पैठणी. तांदळाचं पोतं बंद झालं, कारण शेतच राहिलं नव्हतं. म्हणजे जुन्या सौद्यातली तिची बाजू तिने पाळली, आमची बाजू जमिनीबरोबर गेली. (बाबा हा एपिसोड ऐकणार आहेत. ऐकू देत.)

गेल्या दिवाळीत मी तिला विचारलं, सही का केलीस? म्हणाली, नसती केली तर माहेर तुटलं असतं. मग चहा ओतता ओतता हसली. "आणि करून तरी किती रे येता तुम्ही?"

आता फ्लॅट बाबांच्या नावावर आहेत. माझी बहीण पुण्यात असते, लग्न झालंय. मी तिला फोन करून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्यापुढे कागद आणलात तर आधी मी वाचणार." मी बाबांना तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, टीव्हीचा आवाज तेवढा वाढवला.