एका ट्रंकेत मावतील तेवढ्या रेकॉर्डी

गेल्या पोळ्यानंतर आमच्या गटापुढे एक वेगळंच काम आलं. कारंज्यात आमच्या एका मैत्रिणीच्या सासरच्या वाड्याची वाटणी झाली. पितळेची भांडी वाटली गेली, लाकडी कपाटं वाटली गेली. माळ्यावरच्या दोनशे चाळीस रेकॉर्डी तेवढ्या कुणालाच नको होत्या. भंगारवाला किलोच्या भावानं न्यायला तयार होता. मैत्रिणीच्या वाट्याला दोन खोल्या आल्या. ती म्हणाली, एक ट्रंक मी ठेवीन, साठेक रेकॉर्डी मावतील. कोणत्या ठेवायच्या ते तुम्ही सांगा.

आम्ही नऊ जणी दोन दुपार बसलो. पहिल्या दुपारी सोपं वाटलं. ज्या गाण्यांची नावं ओळखीची ती उजवीकडे, बाकीची डावीकडे. संध्याकाळपर्यंत उजवीकडे लताबाई, आशाबाई आणि सिनेमाची गाणी यांचा मोठा ढीग झाला. मग आमच्यातल्या सगळ्यांत लहान मुलीनं मोबाईल काढला आणि त्या ढिगातली गाणी एकेक करून लावून दाखवली. जवळजवळ सगळी मिळाली. डावीकडची नावं टाकली तर बहुतेकदा काहीच निघालं नाही. आमची निवड उलटी झाली होती. जे कुठंही मिळतं ते आम्ही ट्रंकेत घालत होतो आणि जे फक्त या माळ्यावर उरलं होतं ते भंगारात.

इथं थोडा इतिहास सांगायला हवा. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग नावाचा माणूस आवाज भरायला कलकत्त्याला आला. गौहर जान यांनी त्याच्या कर्ण्यात तोंड घालून गाणं म्हटलं. तेव्हा माईक नव्हता, वीज लागत नव्हती. आवाजाच्या जोरावर सुई थरथरायची आणि मेणावर रेघ उमटायची. ते मेण जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायचं आणि तिथून तबकड्या छापून यायच्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. गाणं संपलं की गौहरबाई इंग्रजीत आपलं नाव सांगत. परक्या मुलखातल्या कारखान्यात कुणाचा आवाज कोणता ते कळावं म्हणून ही रीत पडली, असं सांगतात. त्या काळी चांगल्या घरच्या बाईनं चारचौघांत गाणं लाजिरवाणं समजलं जायचं. म्हणून आधी आवाज भरले ते गाण्यावरच पोट असलेल्या बायांचे. लेबलावर ‘जान’, ‘बाई’, पुढे ‘मिस’ अशी बिरुदं दिसतात, आणि कधी नावापुढे हौशी अशा अर्थाचा इंग्रजी शब्द. म्हणजे ही बाई गाण्यावर जगत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवायचं! हा शब्द वाचून आम्ही आधी हसलो. नंतर जरा गप्प झालो.

हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली तेव्हा ते धाडसच होतं. पुण्याच्या बाई सुंदराबाईंनी लावण्या म्हटल्या, तबकड्या भरल्या, १९३९ च्या ‘माणूस’ सिनेमात आईचं कामही केलं. मुंबईची ‘यंग इंडिया’ ही देशी कंपनी निघाल्यावर कुत्र्याच्या चित्राच्या कंपनीबाहेरच्यांनाही वाट मिळाली. आमच्या डाव्या ढिगात अशीच मंडळी जास्त होती.

या तबकड्या आपल्या ओळखीच्याच मालाच्या आहेत. त्यांत लाख असते. पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर किडे बसतात, त्यांची ती लाख. त्याच लाखेच्या बांगड्या होतात, सोनार पोकळ दागिन्यात तीच भरतो. साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत लाखेच्या तबकड्या निघत होत्या, मग प्लॅस्टिकच्या आल्या. लाखेची पडली की काचेसारखी फुटते. आणि लाख स्पिरिटात विरघळते, हे आम्हाला उशिरा कळलं. आमच्यातल्याच एकीनं धूळ जावी म्हणून एक रेकॉर्ड स्पिरिटनं पुसली. तिची चमक गेली ती गेलीच, आता त्यातून नुसती खरखर येते. कोरड्या मऊ कापडानं, रेघांच्या दिशेनं गोल पुसायचं, एवढंच पुरे. ठेवताना आडवी चळत लावायची नाही, उभ्या ठेवायच्या. आणि टिनाच्या छपराखाली तर मुळीच नको, आपल्याकडचा मे महिना प्लॅस्टिकची रेकॉर्ड पापडासारखी वाकवतो. चावीच्या फोनोवर प्लॅस्टिकची लावूही नका, जड सुई तिच्या रेघा खरवडून काढते.

पाकिटांवर अकोल्याच्या दुकानांचे शिक्के होते. तरुण पोरींना नवल वाटलं. वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्याआधी आपण अकोल्यातच होतो. कापसाचे पैसे आले की कारंज्याची माणसं शकुंतला गाडीनं मूर्तिजापूर गाठायची, तिथून पुढे अकोला. फोनो चावीवर चालायचा, म्हणून वीज नसलेल्या गावातही तो वाजला.

दुसऱ्या दुपारी एकीनं शंका काढली, “जे कोणाले माईत नाई ते कायले ठेवता?” त्यावर आम्हाला केसरबाई केरकरांची गोष्ट सांगावी लागली. गोव्यातल्या केरी गावात १८९२ मध्ये जन्मलेली ही बाई. आवाज भरायला त्या नाखूशच असत, त्यामुळे त्यांच्या रेकॉर्डी थोड्या. १९७७ मध्ये अमेरिकेनं ‘व्हॉयेजर’ यानं अवकाशात सोडली. पृथ्वीवरचे आवाज भरून त्यांत एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवायची होती, आणि जाणकारानं केसरबाईंची भैरवी सुचवली. पण ती रेकॉर्ड बाजारातून गेली होती. शोधता शोधता अ‍ॅन ड्रूयन या बाईंना ती न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली. दुकानदारानं ते खोकं टाकून दिलं असतं, तर? यानं निघाली ऑगस्ट-सप्टेंबरात. सप्टेंबरातच केसरबाई गेल्या. आवाज अजून पुढं चाललाय.

एवढं ऐकल्यावर शंका काढणारीच डाव्या ढिगाची राखण करायला बसली.

तरी नियमाला अपवाद झालाच. ट्रंक भरत आली तेव्हा पासष्टीच्या पुढच्या एका काकूंनी सिनेमाच्या ढिगातून एक रेकॉर्ड उचलली आणि मांडीवर घेतली. “हे नोका देऊ वो. माह्या लग्नात भोंग्यावर हेच वाजत होतं.” ते गाणं मोबाईलवर दहा ठिकाणी आहे, तसं आम्ही सांगितलंही. काकू म्हणाल्या, मोबाईलवरचं माह्या लग्नातलं नाई. आम्ही दोन तुटक्या कडांच्या रेकॉर्डी काढून तिला जागा केली. यात आम्ही चुकलो असं अजून वाटत नाही.

एक गोष्ट मात्र दोन्ही ढिगांत कुठंच नव्हती. जात्यावर बसलेल्या बाईचा आवाज. कंपन्यांनी गाणारणी शोधल्या त्या शहरांत. दळणाऱ्या बाईला कर्ण्यासमोर कोण बोलावणार? ते काम फार उशिरा, हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ यांनी गावोगाव फिरून केलं. त्यांनी एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आमच्या वाड्यातल्या आजेसासूबाईही दळताना गायच्या म्हणे. ज्या घरात दोनशे चाळीस रेकॉर्डी विकत आल्या, त्या घरात त्यांची एक ओवी कुणी लिहूनसुद्धा ठेवली नाही.

अखेर साठाच्या जागी त्रेसष्ट रेकॉर्डी बसल्या. उरलेल्या आम्ही भंगारात घातल्या नाहीत, दोन शाळा आणि एका भजनी मंडळाला विचारून वाटल्या. ट्रंकेतल्या प्रत्येकीचं नाव, कंपनी, नंबर वहीत उतरवलं. एकीचं लेबल उंदरानं कुरतडलंय. ती लावली की एका बाईचा उंच, थोडा घाईचा आवाज येतो. शेवटी ती नाव सांगते, पण नेमक्या तिथं तडा आहे, सुई उडते. लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यावर नंबर कोरलेला आहे, तो मात्र भिंगातून वाचता आला. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांची संस्था आहे. तिकडं तो नंबर पाठवायचा ठरलंय. वहीत त्या ओळीपुढे नावाची जागा मोकळी सोडली आहे.