नॉर्वेने आपल्याच नद्यांत विष का सोडले?

१/ १९८०च्या दशकात नॉर्वेच्या शासनाने एकामागून एक नद्यांत विष सोडण्यास आरंभ केला. हेतू होता त्याच नद्यांतील सॅल्मन मासा वाचवण्याचा. ऐकताना विसंगत वाटते. पण त्यामागचा तर्क समजून घेण्याजोगा आहे.

२/ सॅल्मन नदीत जन्मतो, काही वर्षांनी समुद्रात जातो आणि अंडी घालण्यासाठी बहुधा जन्मनदीकडेच परततो. म्हणून प्रत्येक नदीतील सॅल्मन हा जणू स्वतंत्र वंशच. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश उमराव केवळ गळ टाकण्यासाठी या नद्यांवर येत आणि काठावरच्या शेतकऱ्यांना त्या हक्काचे भाडे मिळे.

३/ १९७०च्या दशकात हे मत्स्यधन वाढावे म्हणून स्वीडनमधील मत्स्यबीज केंद्रांतून सॅल्मनची पिल्ले आणली गेली. त्यांच्या अंगावर जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस हा जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा चपटा कृमी होता. १९७५ साली तो नॉर्वेत प्रथम आढळला. बाल्टिक समुद्राला मिळणाऱ्या नद्यांतील सॅल्मन या कृमीसह पिढ्यान्‌पिढ्या जगत आलेला. त्याला फारशी बाधा होत नसे. अटलांटिककडच्या सॅल्मनची मात्र या शत्रूशी कधी गाठच पडली नव्हती.

४/ हा कृमी मागच्या टोकाचे आकडे माशाच्या त्वचेत रुतवून बसतो व तीच त्वचा खातो. तो अंडी घालत नाही. थेट पिल्लू जन्मते आणि जन्मतःच त्या पिल्लाच्या पोटात पुढचे पिल्लू वाढत असते! त्यामुळे एखादाच कृमी नदीत पोहोचला तरी पुरे. सुमारे ५० नद्या बाधित झाल्या. त्यांतील सॅल्मनची पिल्ले सरासरी ८० टक्क्यांहून अधिक घटली.

५/ पण त्याचे बळ तीच त्याची उणीव. अंडी नाहीत, सुप्तावस्था नाही, माशाखेरीज दुसरा आश्रय नाही. समुद्राच्या पूर्ण खाऱ्या पाण्यात तो मरतो (फ्योर्डच्या निमखाऱ्या पाण्यात मात्र तग धरून शेजारच्या नदीत शिरतो). निष्कर्ष निष्ठुर होता: नदीत मासाच उरला नाही, तर कृमीही उरणार नाही.

६/ त्यासाठी निवडले रोटेनोन. हे डेरिससारख्या वनस्पतींच्या मुळांतून मिळणारे द्रव्य माशाच्या पेशींचे श्वसन थांबवते. उष्ण प्रदेशांतील लोक अशा मुळांनी पूर्वापार मासे धरत आले आहेत. आपल्या कोकणच्या खाजणांतील करंजवेल ही डेरिसचीच एक जात. मात्र विष सोडण्यापूर्वी वंश राखणे आवश्यक होते. त्या त्या नदीच्या सॅल्मनची फलित अंडी निर्जंतुक करून बंदिस्त केंद्रांत वाढवली जात. ही 'जिवंत जनुकपेढी'. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत दूरदर्शी निर्णय हाच.

७/ तरीही अपयश आले. उत्तरेकडील शिबोट्न नदीत १९८८ साली विष सोडले, कृमी परतला. १९९५ साली पुन्हा सोडले; पुन्हा परतला. तळाशी भूजलाचे झरे फुटतात, तेथे विष विरळ होते आणि चार मासे वाचले तरी सारे श्रम वाया जातात. २०१५ व २०१६ साली तिसरी मोहीम झाली. त्यानंतरही पाच वर्षे तपासणी. अखेर २०२२ साली ती नदी मुक्त घोषित झाली.

८/ लार्डाल नदीत वेगळा मार्ग निघाला. १९९७ची रोटेनोन मोहीम फसल्यावर पुढे आम्लयुक्त ॲल्युमिनियमचे द्रावण वापरले गेले. मात्रा नेमकी राखली, तर कृमी मरतो आणि मासा जगतो. २०११ व २०१२च्या मोहिमांनंतर २०१७ साली लार्डाल मुक्त झाली.

९/ आज नॉर्वेत एका नदीत वापरलेले बूट, जाळी व गळ दुसऱ्या नदीवर नेण्यापूर्वी निर्जंतुक किंवा पूर्ण कोरडे करणे बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये हा कृमी नाही. तेथेही परदेशातून परतणाऱ्या गळकऱ्यांना हीच ताकीद दिली जाते. ड्रामेन नदीत मात्र १९८७ साली सापडलेला हा कृमी अद्याप मुक्कामाला आहे.